चिविताव्हेक्किया ते फ्युमिचिनो: तेर्मिनीपर्यंत कशाला?

चिविताव्हेक्किया बंदरात जहाजातून उतरून रोमच्या फ्युमिचिनो विमानतळावर कसं जायचं, या प्रश्नावर कुणीतरी लिओनार्दो एक्सप्रेस (तेर्मिनी ते विमानतळ थेट गाडी) सुचवलीय. त्यासाठी तेर्मिनी या रोमच्या मुख्य स्टेशनपर्यंत जाऊन पुन्हा मागे यावं लागतं, शिवाय १४ युरो. त्यापेक्षा बंदराच्या मोफत बसने लार्गो देल्ला पाचे हा बसथांबा गाठा, तिथून स्टेशनची बस, मग रोमकडची रेजोनाले (साधी प्रादेशिक गाडी). रोमा त्रास्तेवेरे स्टेशनला उतरून एफएल१ ही लोकल धरा. अर्ध्या तासात विमानतळ, ८ युरो. याच एफएल१च्या उलट्या गाड्या ओर्तेकडे जातात, म्हणून फलकावर ‘फ्युमिचिनो एरोपोर्तो’ वाचूनच चढा. कागदी तिकीट चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात घालून शिक्का उमटवायचा, नाहीतर दंड. रविवारी गाड्या कमी असतात. जहाजातून उतरायच्या दिवशीच बारा वाजताचं विमान? मी तरी नाही घेणार, दोननंतरचं बघा. चौघं आणि आठ बॅगा असतील तर मात्र सरळ आधी ठरवलेली व्हॅन.