मदत हवी आहे: 'सुहैली'च्या मॉडेलसाठी फळ्यांची रुंदी

1968-69 मध्ये रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन ज्या शिडाच्या बोटीतून एकटे, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, ती 'सुहैली' मुंबईत, सागवानात बांधलेली. 32 फुटी, दोन डोलकाठ्यांची. तिचं 1:20 मॉडेल करतोय, म्हणजे जेमतेम 49 सेंटिमीटर. मूळ बोट ज्या 'एरिक' नावाच्या आराखड्यावर बांधली, त्यावरूनच सांगाडा उभा राहिलाय. फोटोंत मात्र रंगाखालचे सांधे दिसत नाहीत. अंदाजाने 5 मिमीच्या पट्ट्या लावल्या. टोकाकडे वळवताना तीन मोडल्या, मग सगळ्याच उखडल्या. तयार किट नकोय (मजा जाते), पट्ट्या सागाच्याच हव्यात. लाकडी होड्या बांधणाऱ्यांनो, एवढ्या बोटीला पाण्याखालच्या फळ्या मधोमध किती इंच रुंद ठेवतात आणि टोकाला किती निमुळत्या करतात?