कोकणातला दिवाणखाना भरगच्च, रंगीत असावा की मोकळा आणि फिका?

खळ्यातला चाफा

वेंगुर्ल्याजवळ आमच्या नव्या घराचे बांधकाम पूर्ण होत आले आहे. भिंती जांभ्या चिऱ्यांच्या आहेत, छपरावर मंगलोरी कौले आहेत आणि दर्शनी दिवाणखाना १८ फूट लांब व १४ फूट रुंद आहे. रंगकामाविषयी ज्यांना ज्यांना विचारले त्यांनी जवळजवळ एकच सल्ला दिला: भिंती पांढऱ्या किंवा राखाडी, फरशी फिकी, बैठक मातकट रंगाची आणि भिंतीवर फार तर एक चित्र. माझे मत याच्या नेमके उलट आहे.

मला दिवाणखाना भरगच्च हवा आहे. पश्चिमेची लांब भिंत गडद निळी, तिच्यावर थेट तुळईपर्यंत तसबिरी, जमिनीवर नक्षीच्या सिमेंटच्या लाद्या, पडद्यांवर मोठी फुले, लोड-तक्क्यांवर बारीक बुट्टे, कोनाड्यांत पितळ आणि सावंतवाडीची लाखकामाची फळे, असे चित्र माझ्या डोळ्यांसमोर आहे. हल्ली यालाच मॅक्सिमलिझम म्हणतात आणि ही परदेशातून आलेली हौस आहे असे मानले जाते. तिकडे साधेपणाच्या सक्तीला उत्तर म्हणून इटलीचे डिझाइनर एत्तोरे सोत्सास यांच्या मेम्फिस गटाने १९८१ मध्ये मिलानला भडक रंगांचे, वेड्यावाकड्या आकारांचे फर्निचर मांडले, हे खरे आहे. पण आपल्या किनाऱ्याला रंगांची आणि नक्षीची दीक्षा मिलानकडून घ्यावी लागलेली नाही. गोव्यापासून सिंधुदुर्गापर्यंतच्या जुन्या देवळांमधली कावी कला पाहावी. पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्यावर काव म्हणजे तांबड्या मातीचा थर देऊन तो ओला असतानाच कोरत जायचे आणि खालचा पांढरा चुना उघडा करायचा, अशा रीतीने वेली, पक्षी आणि देवदेवता यांनी अख्खी भिंत भरून टाकलेली असते. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाल्यानंतर त्याची देवादिकांची चित्रे घरोघर गेली आणि ओटीवर, माजघरात, वरच्या बाजूने थोड्या पुढे झुकवलेल्या तसबिरींच्या रांगा लागल्या. आमच्या भागात तर चतुर्थीला गणपतीच्या डोक्यावर माटवी बांधतात. नारळ, सुपारीचे घोस, आंब्याचे टाळे, कवंडळे, हरणाची पिवळी फुले, तेरडा यांनी ती इतकी भरलेली असते की लाकडी चौकट दिसेनाशी होते. या माणसांना रिकाम्या भिंतीचा मोह कधी पडला होता, असे मला वाटत नाही.

भरगच्च म्हणजे अडगळ नव्हे, हेही मला ठाऊक आहे. एक रंग खोलीत निदान तीन ठिकाणी दिसला पाहिजे, म्हणजे डोळा त्या रंगाचा हात धरून खोलीभर फिरतो. नक्षी मोठी, मध्यम आणि बारीक अशी तीन मापांची असावी. तिन्ही ठिकाणी सारख्याच मापाची नक्षी आली की खोली गोंगाट करू लागते. एवढी शिस्त पाळली तर फिक्या खोलीपेक्षा अशी खोली राहायला अधिक आनंदाची असते, असे माझे ठाम मत आहे. जाणकारांनी विरोधी बाजू जरूर मांडावी.

कोबा

ताई, रत्नागिरी परिसरात बांधकामे करण्यात माझे आयुष्य गेले आहे आणि सौंदर्याबद्दल मी आपल्याशी वाद घालणार नाही. माझा आक्षेप भिंतीच्या बाजूने आहे. रत्नागिरीत वर्षाकाठी ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. वारा नैऋत्येकडून येत असल्यामुळे झड बसते ती दक्षिणेच्या आणि पश्चिमेच्या भिंतींवर. नेमकी हीच पश्चिमेची भिंत आपण गडद रंगासाठी आणि तसबिरींसाठी निवडली आहे.

जांभा हा सच्छिद्र दगड आहे. तो पाणी पितो, उन्हाळ्यात ते पाणी बाहेर टाकतो, आणि पाण्याबरोबर क्षारही पृष्ठभागावर येतात. यालाच आपण भिंतीला लोणा फुटला असे म्हणतो. पांढऱ्या भिंतीवर लोणा चटकन दिसत नाही, परंतु गडद निळ्या भिंतीवर पहिल्याच हिवाळ्यात पांढरे नकाशे उमटतात. त्यावर उपाय म्हणून बाजारातला प्लास्टिक इमल्शन रंग चढवला तर रंगाच्या पापुद्र्याआड ओल कोंडते, फुगे येतात आणि पोपडे गळू लागतात. चुना ओल कोंडू देत नाही, शिवाय तो तीव्र अल्कधर्मी असल्यामुळे ताज्या चुन्यावर बुरशी सहजासहजी धरत नाही. जुन्या माणसांनी दरवर्षी चुना लावण्याचा रिवाज ठेवला, त्यामागे गरिबी नव्हती, कोकणातल्या पावसाची जाण होती.

आता आपण म्हणाल की चुन्यातच नीळ घालू. जुन्या घरांतून तसा निळसर चुना असतो, पण तो फिकाच असतो, कारण चुना वाळला की पांढरा होतो. गडद छटा यावी म्हणून नीळ वाढवली तर ती भिंतीला धरत नाही, पाठ टेकली की सदऱ्याला लागते. तसबिरींचेही तेच आहे. ओल्या भिंतीला चिकटून टांगलेल्या चौकटीमागे हवा खेळत नाही, तेथे बुरशी वाढते, कागदाला कसर लागते, आणि वाळवीला आडोसा मिळतो. पडद्यांचे जाड कापड, गालिचे आणि भरलेल्या गाद्या श्रावणापर्यंत कुबट होतात. लाकडी मांडणी करायचीच असेल तर आयएस ७१० प्रतीचा, म्हणजे पाण्याला टिकणारा मरीन प्लायवूड घ्यावा. साध्या प्रतीचा प्लाय समुद्राजवळ फुगतो, हे मी फार वेळा पाहिले आहे. या सगळ्याचा विचार केला तर फिकी, मोकळी भिंत ही आपल्या हवामानाची गरज आहे, असे मी म्हणेन.

आगरातली

माझे सासर गुहागरकडचे आहे. कोबादादांनी भिंतीची बाजू घेतली, मी घरातल्या बाईची घेते.

प्रत्येक तसबीर पुसावी लागते, प्रत्येक पितळी वस्तू चिंच किंवा कोकम लावून घासावी लागते, आणि खाऱ्या हवेत पितळ किती लवकर काळवंडते हे येथे कोणाला सांगायला नको. कौलारू घरात वरून सतत काहीतरी गळत असते: माती, भुसा, पाली-उंदरांची घाण, कोळिष्टके. ते झाडायला घरात माणसे किती आहेत? आमच्या वाडीतल्या निम्म्या घरांत दोन म्हातारी माणसे राहतात, आणि बाकीची घरे चाकरमानी येईपर्यंत बंदच असतात. मासिकांतल्या भरगच्च खोल्यांच्या चित्रांत फडके हातात घेतलेली बाई कधीच दिसत नाही, पण तिच्यावाचून ती खोली महिनाभरही टिकत नाही.

चाफाताईंनी माटवीचा दाखला दिला तो मला मुळीच पटला नाही. माटवी विसर्जनानंतर उतरवतात. दीड दिवस, पाच दिवस, अकरा दिवस, जेवढा गणपती तेवढी माटवी. वर्षभर ती डोक्यावर लोंबत राहिली असती तर चतुर्थीला तिच्याकडे कोणी मान वर करून पाहिले नसते. आपल्याकडे भरगच्चपणा सणाला असतो आणि एरवी घर मोकळे असते, कारण ते मोकळे असावे लागते. आरत्या-भजनाला वाडीतले वीस-पंचवीस जण एका वेळी येतात, मृदंग आणि पेटी घेऊन जमिनीवर बसतात. गौरीच्या रात्री बायका फुगड्या घालतात. लग्नाची बोलणी, बारसे, बाराव्याचे जेवण सगळे त्याच खोलीत होते. खिडकीबाहेर माड-पोफळी, अबोली, जास्वंद असताना आत मोठ्या फुलांचे पडदे लावून ती खिडकी झाकावी, हे तर मला खरोखरच दुःखाचे वाटते.

चितार आळी

मी सावंतवाडीचा आहे आणि चाफाताईंच्या बाजूने आहे. आमच्याकडची लाकडी फळे, पाट, पाळणे, गंजिफा म्हणजे खेळायचे जुने गोल पत्ते, हे सगळे रंगवताना कारागीर हात आखडता घेत नाही. दशावतारी गंजिफाच्या पूर्ण संचात १२० गोल पाने असतात, दहा अवतारांची प्रत्येकी बारा, आणि प्रत्येक पान हाताने रंगवलेले असते. ही कला मावळत चालली असताना राजवाड्यात कारागिरांना बसवून राजमाता सत्त्वशीलादेवी भोसले यांनी तिला पुन्हा उभे केले. असा संच विकत घेऊन कपाटात कुलूपबंद ठेवण्यापेक्षा काचेच्या चौकटीत भिंतीवर लावला तर घरच्या मुलांना मत्स्य, कूर्म, वराह रोज दिसतील. एवढे मात्र पाहावे की थेट ऊन त्यावर येणार नाही, आणि छापील पाने हाताने रंगवलेली म्हणून कोणी गळ्यात मारणार नाही. सगळ्यांनी भिंती रिकाम्या ठेवायच्या ठरवल्या तर आमच्या आळीने रंगवायचे कोणासाठी, हा प्रश्न मी फिक्या भिंतींच्या पुरस्कर्त्यांना मनापासून विचारतो.

कर्ली काठ

वरच्या प्रतिसादाला जोडून एक आक्षेप नोंदवतो. गंजिफाबद्दल माझे काही म्हणणे नाही, परंतु अशा सजावटीत हल्ली कुडाळजवळच्या पिंगुळीची चित्रकथीही सर्रास टांगली जाते. चित्रकथीची पोथी असते. त्यातली चित्रे ओळीने दाखवत ठाकर कलावंत देवळात कथा गातात. रावणाने सीतेला उचलले एवढेच एक पान पोथीतून वेगळे काढून सोफ्यावर टांगले तर पुढची कथा हरवते, आणि पोथीही कायमची तुटते. जुनी पाने कोणी विकायला आणली तर ती घेऊ नयेत. ज्यांना भिंतीसाठी चित्र हवे आहे त्यांनी पिंगुळीला जाऊन भिंतीसाठीच नव्याने काढलेले चित्र मागावे. परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, त्यांच्या घरच्या संग्रहालयात जुन्या पोथ्याही पाहायला मिळतात. त्या पाहिल्यानंतर कोणाला त्यातले पान सुटे करण्याची इच्छा होईल असे मला वाटत नाही.

खळ्यातला चाफा

कर्ली काठ, आपले म्हणणे मला पूर्ण मान्य आहे.

कोबादादा, पश्चिमेच्या भिंतीचा आग्रह मी सोडते, भरगच्चपणाचा सोडत नाही. पश्चिमेच्या भिंतीवर दरवर्षी चुनाच लागेल. आतली, माजघराला लागून असलेली भिंत झडीपासून दूर आहे, तसबिरी तिथे जातील, आणि प्रत्येक चौकटीच्या मागे चारही कोपऱ्यांत लाकडी गुटके लावून अर्धा इंच हवा ठेवता येईल. निळ्याऐवजी त्या भिंतीला चुन्यात काव घालू. काव ही लोहयुक्त माती आहे, ती चुन्यात टिकते, हे कावीच्या जुन्या देवळांनी दाखवून दिले आहे. आपला मुद्दा खरे तर मला नक्षीकडेच घेऊन जातो. कापडाला पावसाळ्यात वास येतो, पण लादीला येत नाही. नक्षीची सिमेंटची लादी भट्टीत भाजत नाहीत. रंगीत सिमेंटचा थर साच्यात ओतून ती दाबयंत्राखाली दाबतात आणि पाण्यात मुरवतात. १९२२ मध्ये अशा लाद्या करणाऱ्या भारत फ्लोअरिंगचा कारखाना निघाला तोही आपल्या उरणला. गालिचा नको असेल तर गालिच्याइतकी नक्षी जमिनीतच भरावी, असा माझा अर्थ आहे.

आगरातली ताई, आपण फडक्याचा मुद्दा काढलात तो टाळण्यासारखा नाही. आमच्या घरात झाडपूस नवरा, मुलगा आणि मी वाटून घेतो, म्हणून मी एवढे धाडस करते आहे. जिथे हे काम एकटीच्याच अंगावर पडते तिथे मी भरगच्च खोलीचा सल्ला देणार नाही. पितळ काचेच्या दारांच्या फडताळात राहील. कौलांखाली फळ्यांचे छत घातले आहे, त्यामुळे वरून माती गळणार नाही. मोठ्या फुलांचे पडदे दिवसा पूर्ण बाजूला सारलेले असतील, खिडकी कोणी झाकणार नाही.

भजनाच्या मोकळ्या जागेबद्दलही मी आपल्याशी सहमत आहे आणि म्हणूनच जमिनीवर मी जवळजवळ काहीही ठेवणार नाही. लोड-तक्के आणि दोन उचलता येतील अशा खुर्च्या एवढीच बैठक आहे. भरगच्चपणा असेल तो माणूस खाली बसल्यावर त्याच्या डोक्याच्या वर आणि पायाखाली. मात्र आपण माटवीवरून जो निष्कर्ष काढलात तो मला मान्य नाही. माटवी उतरते, पण सिंधुदुर्गात कित्येक घरांत गणपतीमागची भिंत चतुर्थीआधी मुले रंगवतात आणि ते मोर, कमळे, समुद्र पुढच्या चतुर्थीपर्यंत तसेच भिंतीवर राहतात. वर्षभर समोर असतात म्हणून त्यांच्याकडे पाहायचे कोणी थांबत नाही. उलट पुढच्या वर्षी काय काढायचे याची चर्चा त्याच भिंतीसमोर बसून होते.

आगरातली

तिघांनी झाडपूस वाटून घेणारे घर असेल तर माझा निम्मा विरोध मागे घेते. उरलेला निम्मा विरोध तुळईपर्यंत जाणाऱ्या तसबिरींना आहे. वरच्या रांगेतली तसबीर पुसायला शिडी लागते, आणि शिडी आणायचा कंटाळा घरातल्या प्रत्येकाला येतो. हाताला येईल तिथेच रांग थांबवावी, त्यावरची भिंत कावेच्या रंगात मोकळी सोडावी. जुन्या तसबिरी उंच असत, पण त्या पुसायला घरात गडीमाणसे असत.

कोबा

काव घातलेला चुना आतल्या भिंतीवर चालेल, त्याला माझी हरकत नाही. परंतु रंगाच्या आधी एक चाचणी करून पाहावी. त्या भिंतीवर हातभर लांबी-रुंदीचा प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट बंद करून दोन दिवस ठेवावा, आणि हे भर पावसाळ्यात करावे, मे महिन्यात नव्हे. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले तर आतली भिंतही ओल खेचते आहे असे समजावे आणि तसबिरींचा विचार आणखी एक पावसाळा पुढे ढकलावा. नव्या बांधकामातले पाणी पूर्ण सुकायला तेवढा वेळ लागतोच. लाद्या मात्र आताच बसवून घ्यायला हरकत नाही.