एम.ए.साठी तर्कशास्त्र: सुरुवात कुठून करू?

मैत्रेयी_प
नमस्कार. तत्त्वज्ञानात एम.ए. करतेय. अकरावी-बारावीला तर्कशास्त्र होतं, त्यामुळे सत्यता-कोष्टकं (चलांच्या खऱ्या-खोट्या मूल्यांच्या सगळ्या जुळण्यांची यादी) आणि नैगमनिक सिद्धता (नियमांनी पायरीपायरीने निष्कर्ष काढणं) येतात. गणित मात्र तेव्हाच सुटलं. पुढच्या सत्रात प्रगत तर्कशास्त्राचा पेपर आहे. विषयाचा इतिहास आणि आजचा वापर, दोन्ही समजून घ्यायचंय. एकच पुस्तक पुरेल का?

त्रिज्या
एकात सगळं नीट मिळणार नाही. आधी व्हॅन डालेन यांचं 'लॉजिक अँड स्ट्रक्चर' घ्या. त्यातली गेंट्झेनची पद्धत तुम्हाला परकी वाटणार नाही: गृहीतक धरायचं, निष्कर्ष काढायचा, गृहीतक सोडून द्यायचं. बारावीची सोपाधिक सिद्धता अशीच चालते. एंडरटनचं पुस्तक उत्तम आहे, पण त्याला गणिताची सवय लागते, ते नंतर.

पूर्णतेच्या सिद्धांतापाशी मात्र रेंगाळा, महिना गेला तरी चालेल. विधान नियमांनी सिद्ध होणं ही एक गोष्ट आणि गृहीतकं जिथे जिथे खरी, तिथे ते विधानही खरं असणं ही दुसरी. पहिलीत अर्थाकडे बघायचंच नसतं. तरी विधेय तर्कशास्त्रात ('प्रत्येक', 'काही' अशा शब्दांचं तर्कशास्त्र) दोन्ही तंतोतंत जुळतात, हे तर्कशास्त्रज्ञ ग्योडेलने १९२९ च्या प्रबंधात दाखवलं. हाच पूर्णतेचा सिद्धांत. हे पचल्यावरच त्याच्या १९३१ च्या अपूर्णतेच्या सिद्धांताकडे वळा (अंकगणिताच्या ठरावीक गृहीतकांतून काही विधानं सिद्धही होत नाहीत आणि खोटीही ठरत नाहीत, असं तो सांगतो). सिद्धता वाचू नका, वही घेऊन लिहा.

गोदाकाठ
इतिहास शेवटी ठेवू नका, असं मला वाटतं. 'प्रत्येक संख्येहून मोठी संख्या असते' आणि 'एक संख्या अशी आहे की ती प्रत्येक संख्येहून मोठी आहे' ही दोन विधानं घ्या. पहिलं खरं, दुसरं खोटं. हा फरक ॲरिस्टॉटलच्या संवाक्यात (दोन आधारविधानांतून निष्कर्ष काढायची रचना) मांडता येत नाही. तर्कशास्त्रज्ञ फ्रेगेने १८७९ मध्ये संख्यापक ('प्रत्येक', 'काही' यांसाठीची चिन्हं) आणले ते का, हे इथे कळतं.

भारतीय बाजूसाठी अन्नंभट्टाचा 'तर्कसंग्रह', आठल्ये आणि बोडस यांच्या इंग्रजी टिपांसह (बॉम्बे संस्कृत सीरीज). फक्त पंचावयवी अनुमान (पाच भागांत मांडलेला युक्तिवाद) लगेच चिन्हांत बसवायला जाऊ नका. धूर पाहून डोंगरावर अग्नी आहे हे *ज्ञान* कसं होतं, हा नैयायिकांचा (न्याय दर्शनाच्या विचारवंतांचा) प्रश्न आहे. म्हणूनच तिथे 'उदाहरण' हा एक अवयव आहे. चिन्हांत गेलात की नेमका तोच अनावश्यक वाटू लागतो.

सर्किट_सुलभा
मी चिप पडताळणीत काम करते, म्हणून वापराबद्दल. दोन सर्किटं एकच काम करतात का, हा प्रश्न तुमच्या सत्यता-कोष्टकाचाच. पण १०० चलांच्या कोष्टकाला २ चा १०० वा घात इतक्या ओळी लागतील. म्हणून सॅट सॉल्व्हर वापरतात: सूत्र खरं ठरेल अशी चलांची मूल्यं आहेत का, हे शोधणारे प्रोग्रॅम. १९७१ मध्ये संगणकशास्त्रज्ञ कुकने दाखवलं की ज्यांचं उत्तर झटपट तपासता येतं अशा कोणत्याही प्रश्नाइतका हा प्रश्न अवघड आहे, आणि तो नेहमी झटपट सोडवायची पद्धत कुणालाही माहीत नाही. तरी प्रत्यक्षातली लाखो चलांची सूत्रं हे सॉल्व्हर अनेकदा सोडवतात. १९९४ मध्ये इंटेलच्या पेंटियम चिपच्या भागाकारात चूक सापडली, त्यानंतर या उद्योगात औपचारिक पडताळणीकडे (चिप बरोबर चालते हे तर्काने सिद्ध करणं) फार गांभीर्याने पाहिलं जाऊ लागलं.

स्वतः करून बघायचं तर 'नॅचरल नंबर गेम' ब्राउझरमध्ये मोफत खेळता येतो. सिद्धतेची प्रत्येक पायरी लीन हा प्रोग्रॅम तपासतो.

मैत्रेयी_प
खूप आभार! गेम आणि व्हॅन डालेन एकत्र चालतील का?

त्रिज्या
चालतील, पण गणिती विगमनाने (शून्यासाठी खरं आणि एका संख्येवरून पुढच्या संख्येसाठी खरं, म्हणून सगळ्यांसाठी खरं) सिद्धता आधी कागदावर जमू दे. लीन काही पायऱ्या आपणहून भरतो, आणि नवशिक्याला शिकायच्या असतात त्या नेमक्या त्याच.