रात्रपाळीत आयसीयूमध्ये आग लागल्यास ऑक्सिजनचा व्हॉल्व्ह कोणी बंद करायचा?

प्रश्न – सिस्टर इन्चार्ज, तालुक्याच्या ठिकाणचे खासगी रुग्णालय

नमस्कार. आमचे रुग्णालय पन्नास खाटांचे असून दुसऱ्या मजल्यावर आठ खाटांचे आयसीयू आहे. रात्रपाळीत तिथे दोन स्टाफ नर्स आणि एक मावशी असतात; आरएमओ (निवासी डॉक्टर) खाली कॅज्युअल्टीत असतात. आग विझवण्याच्या सिलिंडरचे प्रशिक्षण आम्हा सर्वांना मिळाले आहे, परंतु ते भर दुपारी पार्किंगमध्ये, पत्र्याच्या ट्रेमध्ये डिझेल पेटवून दिले गेले आणि व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाचे काय करायचे, हा विषय त्यात निघालाच नाही. आयसीयूबाहेरच्या कॉरिडॉरमध्ये, काचेच्या पेटीत ऑक्सिजनचा झोन व्हॉल्व्ह आहे. तो बंद केला तर आठही खाटांचा पुरवठा एकदम थांबतो आणि सुरू ठेवला तर आग भडकते. नर्सने तो स्वतःच्या अधिकारात बंद करावा की डॉक्टर येईपर्यंत थांबावे? रुग्ण कुठे आणि कोणत्या क्रमाने हलवावेत? आमच्याकडे याविषयी लेखी काहीच नाही आणि मला ते या महिन्यातच लिहून घ्यायचे आहे.

उत्तर १ – निवृत्त अग्निशमन अधिकारी

ताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बहुतेक आराखडे तिथेच चुकलेले असतात. आयसीयूतील रुग्ण जिन्याने खाली न्यायचा, असे गृहीत धरू नका. आधी त्याच मजल्यावर, आग प्रतिबंधक दरवाजापलीकडच्या वॉर्डात न्यायचे आणि मधला दरवाजा लावून घ्यायचा. खाली उतरवायचे ते त्यानंतर, गरज पडली तर आणि अग्निशमन दलाच्या मदतीने. आगीपेक्षा धूर आधी पोहोचतो. कोलकात्याच्या एएमआरआय रुग्णालयात 9 डिसेंबर 2011 रोजी आग तळघरात लागली होती, तरी दगावलेल्यांपैकी बहुतांश रुग्ण वरच्या मजल्यांवर धुराने गुदमरून गेले. भंडाऱ्यात 9 जानेवारी 2021 च्या मध्यरात्री जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात दहा बालके गेली. त्याच युनिटच्या दुसऱ्या भागातील सात बालकांना बाहेर काढता आले. म्हणून दार लावून घेणे हे अग्निशामक यंत्र वापरण्याइतकेच महत्त्वाचे काम समजा आणि ते एका व्यक्तीच्या नावावर लिहून ठेवा.

क्रमाबद्दल सांगायचे तर आगीच्या सर्वांत जवळच्या खाटेवरचा रुग्ण प्रथम, मग शेजारचे. त्यानंतर चालू शकणारे रुग्ण सर्वांत लवकर निघतात आणि वाट मोकळी होते, त्यामुळे त्यांना मावशींच्या सोबत एकत्र पाठवावे. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला चादरीसकट जमिनीवर घेऊन डोक्याकडच्या बाजूने ओढत नेता येते, हे दोघी जणींना जमते. पण त्याचा सराव खऱ्या चादरीवर आणि तुमच्याच फरशीवर झालेला हवा. आग कचऱ्याच्या डब्याएवढी असेल आणि तुमच्या पाठीमागे बाहेर पडायची वाट असेल, तरच ती विझवायला जा. 101 ला फोन मात्र त्याआधीच गेलेला असावा.

उत्तर २ – आयसीयू नर्स, मुंबई

व्हॉल्व्हविषयी आमच्या युनिटमधील लेखी नियम सांगते: पाळीतील वरिष्ठ नर्सला व्हॉल्व्ह बंद करण्याचा पूर्ण अधिकार आहे, मात्र त्याआधी तिने मोठ्याने "ऑक्सिजन बंद करते आहे" असे सांगायचे आणि दुसरीने व्हेंटिलेटरवरच्या प्रत्येक रुग्णाच्या खाटेवर अँबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) पोहोचली आहे का, ते पाहायचे. डॉक्टरांना कळवायचे, परंतु आग आत पसरू लागली असेल तर परवानगीची वाट पाहायची नाही. अँबू बॅग ऑक्सिजनशिवाय, साध्या हवेवरही चालते, हे नव्या मुलींना ऐनवेळी आठवत नाही म्हणून मुद्दाम लिहिते. आग विभागाबाहेर असेल आणि आत केवळ धुराचा वास येत असेल, तर व्हॉल्व्ह घाईने बंद करू नका. तिथे तो बंद केल्यानेच रुग्ण जाऊ शकतो.

आणखी एक. मास्क किंवा हाय फ्लोची (जास्त वेगाने ऑक्सिजन देणारी) नळी रुग्णाच्या नाकावरून काढून चालू स्थितीत गादीवर ठेवण्याची सवय मोडलीच पाहिजे. हवेत ऑक्सिजन सुमारे 21 टक्के असतो. नळीतून येणारा जादा ऑक्सिजन गादीत आणि चादरीत मुरला की एरवी धुमसत राहणारा कापूस भर्रकन पेटतो.

उत्तर ३ – बायोमेडिकल अभियंता

वरील दोन्ही उत्तरांशी सहमत आहे. भर एवढीच की, धूर दिसताच एसी आणि एएचयू (डक्टमधून हवा खेळवणारे यंत्र) बंद करण्याचा स्विच कुठे आहे, हे रात्रपाळीला माहीत असले पाहिजे, अन्यथा तोच धूर डक्टमधून शेजारच्या वॉर्डात जातो, जिथे तुम्ही रुग्ण नेणार आहात. विरारमधील रुग्णालयात 23 एप्रिल 2021 रोजी आयसीयूला लागलेल्या आगीची सुरुवात एसी युनिटपासून झाल्याचे सांगितले गेले. एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर सिरिंज पंप, मॉनिटर आणि नेब्युलायझर लावले जातात. फेरीत मी त्या बोर्डाला हात लावून पाहतो, गरम लागला तर त्याच क्षणी भार वाटून देतो.

विजेच्या उपकरणांच्या आगीसाठी सीओटू (कार्बन डायऑक्साइड) सिलिंडर ठेवा, पण त्याला प्रेशर गेज नसतो, त्यामुळे हिरवा काटा शोधत बसू नका. तो वजन करूनच तपासावा लागतो. फवारताना शिंगासारखा तोंडाचा भाग हातात धरू नका, तो अतिशय गार होतो. महाराष्ट्राच्या 2006 च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार दर जानेवारी आणि जुलैमध्ये अग्निसुरक्षा यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेकडून घेतलेले ब नमुन्यातील प्रमाणपत्र द्यावे लागते. ते मिळाले म्हणजे तुमचा मागचा दरवाजा रात्री उघडा असतो, असे मात्र नव्हे.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. मागच्या दरवाजाचा मुद्दा नेमका आमच्याकडचा आहे: नातेवाईक आत शिरतात म्हणून रात्री त्याला कुलूप असते आणि किल्ली खाली सिक्युरिटीकडे असते.

उत्तर ४ – निवृत्त अग्निशमन अधिकारी

ते कुलूप आजच काढायला लावा. आतून ढकलताच उघडणारा पॅनिक बार बसवला, तर बाहेरून कोणी येऊ शकत नाही आणि आतल्यांना किल्ली लागत नाही. बार बसेपर्यंत तिथे रात्री एक माणूस बसवण्याची मागणी व्यवस्थापनाकडे लेखी करा आणि पत्राची पोच घ्या. पुढचे मॉक ड्रिल रात्री दोनला, त्याच दोन नर्स आणि मावशींना घेऊन करा. खाटेवर रुग्णाऐवजी एखादा सहकारी झोपवा आणि तो पलीकडच्या वॉर्डात पोहोचायला किती वेळ लागतो, ते घड्याळ लावून पाहा. मनुष्यबळ वाढवून मागताना तो आकडा तुमच्या उपयोगी पडेल.