मदत हवी आहे: बर्गरची टिक्की फुटते, आणि लंडनमध्ये सासूबाईंना काय खायला घालू?

मंडळी, आम्ही बडोद्याचे. मुलांना घरचा बर्गर हवा असतो, पण नुसत्या बटाट्याची टिक्की घातली तर तो वडापावचाच भाऊ, म्हणून मी राजमा, बीट, गाजर घालून करते. चव मस्त येते हो, पण तव्यावर उलटली की कडेने चिरते, आतला लगदा उलथन्याला चिकटतो आणि तेल सगळं लालेलाल. बीट किसून मीठ लावून घट्ट पिळते, राजमा चाळणीत निथळत ठेवते, पोह्यांची पूडही घालते, तरी तेच. जाऊबाई म्हणतात भाजलेलं बेसन घाल, शेजारच्या बेन म्हणतात तासभर फ्रीजमध्ये ठेवून मग शेक. नक्की काय करू? अंडं अजिबात नको आणि चातुर्मासात कांदा-लसूणही नाही.

दुसरं म्हणजे दिवाळीनंतर सासूबाईंना घेऊन नणंदेकडे लंडनला जातोय. आपल्याकडे पाकिटावर हिरवा ठिपका असला की अंडं नाही हे कळतं, तिकडे व्हेजिटेरियनमध्ये अंडं चालतं, बर्गरच्या पावावर चकाकीसाठी अंडं लावलेलं असू शकतं, पार्मेझान चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट (दूध घट्ट करणारा पदार्थ) असतं आणि चिप्स कधीकधी मासे तळलेल्याच तेलात तळतात. व्हेगन मागवलं तर अंडं-चीजचा प्रश्न मिटेल, पण दह्यादुधाशिवाय सासूबाईंचं जेवण होत नाही. ज्येष्ठांना घेऊन कोणी गेलंय का, वेटरला नेमकं काय विचारायचं? टिक्कीचं मात्र आधी सांगा, रविवारी पोरांचे मित्र येणारेत.