टाकळा: वास, समजुती आणि भाजी (अनुभव धागा)

मृगाच्या सरी पडल्या की माळावर, बांधावर, रस्त्याकडेला टाकळा उगवतो. तो कुणी पेरत नाही, बाजारात मात्र त्याचे वाटे विकत मिळतात. तुमच्या घरी तो कसा करतात, त्याविषयी काय ऐकलंय, ते लिहा. सुरुवात मी करते.

आमच्याकडे (रत्नागिरी) फक्त कोवळे शेंडे खुडतात. पान चुरडलं की उग्र, हिरवट वास हाताला बसतो; नवख्याला तो नकोसाच वाटतो. पण तेलात लसूण आणि सुकी मिरची परतून पाला टाकला की पहिल्या वाफेतच तो उग्रपणा जातो आणि मेथीच्या जवळचा तुरट गंध उरतो. मला तो मेथीपेक्षा आवडतो. भिजवलेली चणाडाळ, चिमूटभर गूळ, ओलं खोबरं. पाणी अजिबात नाही.

फोंडा, गोवा: आमची तायकिळ्याची भाजी आठळ्यांशिवाय होत नाही. उन्हाळ्यात फणसाच्या आठळ्या माती लावून ठेवतो. त्या ठेचून आधी शिजवायच्या, मग पाला. आठळीचा पिठूळपणा पाल्याची तुरटी झेलतो. श्रावणात सासूबाई कांदा वगळतात, आणि खरं तर तीच भाजी जास्त चांगली लागते.

जुन्नर: आजी दिवेलागणीनंतर टाकळा तोडू द्यायची नाही. म्हणायची, "झोपलाय तो, उठवू नका." आणि तो झोपतोच! अंधारू लागलं की पानाच्या तिन्ही जोड्या मिटतात. पिवळं फूल दिसलं की भाजी बंद, हाही तिचाच नियम. त्यात तथ्य आहे. तोवर पानं जून होऊन चरबट लागतात.

डहाणू: आमचे आजोबा टाकळ्याच्या बिया ताकात वाटून नायट्यावर लावायचे. मीही लावून पाहिलं. खाज थोडी कमी झाली, नायटा मात्र डॉक्टरांच्या मलमानंच गेला.

नागपूर: आमच्याकडे हा तरोटा. आई त्याच्या बिया भाजून, दळून कॉफीसारखं उकळायची. घरभर खमंग वास सुटायचा, चव कडवट.

योकोहामा: इथे 'हबुचा' नावाचा चहा मिळतो, तो टाकळ्याच्या अगदी जवळच्या जातीच्या भाजलेल्या बियांचा असतो. पहिल्याच घोटाला गावचा माळ आठवला. नागपूरच्या ताई, तुमच्या आईंची कृती सविस्तर द्याल का?

पालघर (वनस्पतिशास्त्र शिकवते): कृती येण्याआधी एक कळकळीची सूचना. टाकळ्यासारखाच दिसणारा कासुंदा शेजारीच उगवतो. टाकळ्याच्या पानात गोलसर टोकाच्या तीन जोड्या असतात, कासुंद्याच्या पानात टोकदार चार-पाच. पश्चिम उत्तर प्रदेशात कासुंद्याच्या बिया खाऊन लहान मुलं दगावल्याचं डॉक्टरांनी नोंदवलं आहे. शेंगा वाळल्यावर पानं गळून जातात, म्हणून बियांसाठीची झाडं पावसातच ओळखून त्यांना खुणेची दोरी बांधून ठेवा.