मीटरवर कापड अजून मिळतं
मोठ्या दुकानांतले ताग्यांचे विभाग बंद झाले, आता घरी शिवणाऱ्यांनी कापड कुठून आणायचं, असा प्रश्न विचारला गेलाय. मुंबईत असाल तर सरळ मंगलदास मार्केट गाठा, क्रॉफर्ड मार्केटच्या जवळच. लेस-बटणं भुलेश्वरला. पुण्यात त्यासाठी तुळशीबाग, बोहरी आळी आहेच.

ऑनलाइन मी दोनदा मागवलं; सुती म्हणून आलेलं निघालं पॉलिस्टर. फार वाईट वाटलं. कापड मुठीत चुरगळून बघायलाच हवं: सुतीवर चुण्या राहतात, पॉलिस्टर लगेच सरळ होतं. आणि पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, विचाराच! ४४ इंची असेल तर कुर्त्याच्या बाह्या बहुतेक वेळा बाजूच्या कापडातून निघतात, ३६ इंचीला कापड जास्त लागतं. सुती आटतं, म्हणून थोडं वाढीव घ्या, भिजवून मगच बेता.